स्कूटरची बॅटरी रात्रभर घरात चार्जिंगला ठेवली तर चालते का?

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड इलेक्ट्रिक स्कूटर लातूरहून घेतली, संध्याकाळी आल्या आल्या बॅटरी वरच्या पत्र्याच्या खोलीत नेता, दाराजवळच्या बोर्डाला लावता आणि सकाळी काढता. मी परभणीत याच बॅटऱ्यांचं काम करतो. मला रात्रभरापेक्षा त्या पत्र्याची आणि त्या दाराची जास्त धास्ती वाटते.

लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नका, असं बहुतेक कंपन्याच सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याखालचं तर विचारूच नका. त्यात गाडी चालवून आणलेली बॅटरी आतून तापलेलीच असते. तासभर खाली सावलीत गार होऊ द्या, मगच चार्जर लावा.

पॅक उघडला की बऱ्याचदा आत पेन्सिल सेलपेक्षा जाड, १८ मिमी रुंद नि ६५ मिमी लांब सेल दिसतात, निकेलच्या पट्टीने जोडलेले. वर बीएमएसचं, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट. कुठलाही सेल जास्त भरू लागला की चार्जिंग तोडणं हे त्याचं काम. लोकल असेंबल पॅकमध्ये जुन्या लॅपटॉपचे सेल नवी निळी पन्नी चढवून बसवलेले मी पाहिलेत. ई-गाड्यांच्या बॅटरीच्या सुरक्षेचे, एआयएस-१५६ चे कडक नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत आले. तुमची गाडी त्याआधीची असेल तर पॅक एकदा तपासून घ्याच.

सेलच्या आतला प्लास्टिकचा पातळ पडदा साधारण १३० अंशांना वितळतो. मग आतच शॉर्ट होतं आणि एकाची धग शेजारच्याला लागत जाते, कडब्याची गंज पेटावी तशी. धूर विषारी असतो, त्यात हायड्रोजन फ्लोराइडही असतं. हे दाराशी झालं तर बाहेर पडणार कुठून? म्हणून चार्जिंग खाली, मोकळ्यावर, जिन्यापासून लांब, आणि तुम्ही जागे असताना.

बॅटरीचं बाहेरचं कवच फुगलं, थिनरसारखा गोडसर वास आला किंवा चार्जिंगला असताना वर हात ठेववेना, तर वापर तिथंच थांबवा.

लिथियमवर पाणी टाकू नये, हे व्हॉट्सॲपवर फिरतं ते या बॅटरीला लागू नाही. लिथियम-आयनमध्ये धातूरूप लिथियम जवळजवळ नसतंच, आणि ती गार करायला भरपूर पाणीच लागतं. (उन्हाळ्यात ते आणायचं कुठून, हा आपला वेगळाच प्रश्न.) पण ते काम अग्निशमनवाल्यांचं. तुम्ही आधी सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ लावा. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, तेव्हा ती घरात परत आणू नका.

राहिला चार्जर. पिन बसली म्हणजे तो त्याच बॅटरीचा, असं नसतं. लिथियम बॅटरीचे एलएफपी आणि एनएमसी असे दोन प्रकार येतात: एलएफपीचा सेल ३.६५ व्होल्टला भरतो, एनएमसीचा ४.२ ला, आणि पिन दोन्हींची सारखी असू शकते. चार्जरच्या पाठीवरचं आणि पॅकवरचं लेबल, दोन्हींचे फोटो टाका, बघून सांगतो.