पाणथळ, दलदल की आर्द्रभूमी?

प्रश्न असा आहे: ‘वेटलँड’ला मराठीत पाणथळ म्हणावे, दलदल म्हणावे की आर्द्रभूमी? आणि ‘अमुक सरोवराला रामसर दर्जा मिळाला’ हे वाक्य बरोबर आहे का? (रामसर म्हणजे अशा जागा राखण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार.)

मी पूर्णपणे ‘पाणथळ’च्या बाजूचा. पाणवठा, पाणकावळा, पाणकणीस यांतला ‘पाण’ इथे आहे आणि ‘थळ’ म्हणजे संस्कृतातले ‘स्थल’. जल आणि स्थल ही विरुद्धार्थी जोडी; स्थल म्हणजे कोरडी जमीन. एकाच शब्दात दोघे शेजारी बसले आहेत. अशा अनेक जागांचे नेमके तेच असते: काही महिने तळे, काही महिने कुरण.

दलदल हा त्यातला एक प्रकार, पाय रुतेल अशी जागा. ‘आर्द्रभूमी’ हिंदीत रुळला आहे, पण मराठी कानाला ‘आर्द्र’ म्हटले की हवेचा दमटपणा आठवतो किंवा भरून आलेला आवाज. उघडे पाणी त्यात दिसत नाही.

पाणथळवर दोन आक्षेप येतात. पहिला व्याप्तीचा. रामसर कराराची व्याख्या फार ऐसपैस आहे: पाणी साचलेले किंवा वाहते, गोडे, मचूळ किंवा खारे, जागा नैसर्गिक किंवा मानवनिर्मित, कायमची किंवा तात्पुरती, शिवाय ओहोटीला सहा मीटरपेक्षा खोल नसलेला समुद्रही. म्हणजे नदी, भातखाचर, मिठागर, प्रवाळाची रांग, सगळेच आले. प्रवाळाला पाणथळ म्हणताना जीभ अडखळते खरी, पण ‘वेटलँड’ म्हणतानाही तेवढीच अडखळते.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. शेतीच्या बोलीत ‘पाणथळ जमीन’ म्हणजे निचरा न होणारी, पीक कुजवणारी जमीन. तिथे पाणथळ हा दोष आहे आणि दोष म्हटला की तो भराव टाकून घालवायचा, हे ओघानेच येते. पुराचे पाणी धरून ठेवणारी, गाळ खाली बसवणारी जागा अशी एका विशेषणापायी नकोशी ठरते. म्हणून माझा आग्रह की हा शब्द नाम म्हणून वापरावा: ते पाणथळ, ती पाणथळे. ‘ते तळे’ म्हणताना तळ्यात काही खोट आहे असे कुणाला वाटत नाही.

आता रामसर. त्यातला ‘सर’ सरोवराचा नव्हे. रामसर हे इराणमधले, कास्पियन समुद्राकाठचे शहर. २ फेब्रुवारी १९७१ रोजी करार तिथे झाला, एवढेच.

‘दर्जा मिळाला’ व्याकरणाने चूक नाही, पण ऐकणाऱ्याला बक्षीस मिळाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात देश स्वतः जागा निवडून कराराच्या यादीत घालतो. त्यासाठी निकष आहेत, उदाहरणार्थ नियमितपणे २०,००० किंवा अधिक पाणपक्षी येणे. यादीत घातल्यावर त्या जागेचे ‘इकॉलॉजिकल कॅरेक्टर’ टिकवण्याची जबाबदारी येते; ते बदलू लागले तर कराराच्या सचिवालयाला कळवावे लागते. ‘कॅरेक्टर’ला ‘वैशिष्ट्य’ म्हटले जाते, मी ‘स्वभाव’ म्हणेन. वैशिष्ट्य एखाद्या पक्ष्यापुरतेही असू शकते. स्वभावात पाणी कधी चढते, कधी ओसरते, किती खारे असते, हे सगळे येते. ओडिशातल्या चिलिकाचे समुद्राकडचे तोंड गाळाने आवळत गेले, खारेपणा उतरला आणि १९९३ मध्ये तिचे नाव स्वभाव बिघडलेल्या जागांच्या मॉन्त्रो नोंदीत गेले. २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख उघडले, खारे पाणी पुन्हा आत आले आणि २००२ मध्ये नाव त्या नोंदीतून निघाले. रामसर यादीत मात्र चिलिका १९८१ पासून होतीच. दर्जा कायम होता, स्वभाव बिघडला होता.

तेव्हा बातमी लिहायची तर मी अशी लिहीन: ‘अमुक पाणथळाचा रामसर यादीत समावेश, ते राखण्याची देशाची हमी.’