नवी ब्रेझा घ्यावी की २०१८ची डिझेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहता, महिन्यातून एकदा चिपळूणला गावी जाता, महिन्याचं रनिंग हजार किलोमीटरच्या आसपास. घरात पाच माणसं, त्यात आईंचे गुडघे दुखतात आणि मुलगा चार वर्षांचा. बजेट बारा लाख. मारुतीची नवी ब्रेझा पेट्रोल घ्यायची, की एका ओळखीच्या एजंटाने दाखवलेली २०१८ची व्हिटारा ब्रेझा डिझेल, ७८ हजार किलोमीटर चाललेली, पावणेसात लाखांत? एजंट रविवारपर्यंत टोकन मागतोय.

आधी मी कोण ते सांगतो. साताऱ्यात राहतो, गेली अठरा वर्षं मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून काम करतो. ठोकलेल्या, जळालेल्या, बुडालेल्या गाड्या बघणं हे माझं रोजचं काम. शिवाय २०१७ची डिझेल ब्रेझा माझ्या दारात आहे, एक लाख बारा हजार किलोमीटर झालेत. तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलू शकतो.

पहिली गोष्ट. या गाडीला एसयूव्ही म्हणतात, पण ती उंच केलेली हॅचबॅक आहे, आणि यात वाईट काही नाही. इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते. गुहागरच्या वाळूत ती कुठल्याही साध्या गाडीसारखीच रुतेल, दर मे महिन्यात किनाऱ्यावर ट्रॅक्टरने ओढून काढलेल्या गाड्या बघा. पण सीट उंचावर असल्याने आईंना खाली वाकून बसावं लागत नाही आणि उठताना गुडघ्यावर जोर येत नाही. रिकाम्या गाडीखाली १९८ मिलिमीटर जागा असल्याने पावसाळ्यातल्या खड्ड्यांत गाडीचं पोट घासत नाही. बहुतेक घरांत ही गाडी खरं तर याच दोन कारणांसाठी घेतली जाते. तुम्हीही तेवढ्यासाठीच घ्या.

गाडीची लांबी ३९९५ मिलिमीटर आहे, चार मीटरला पाच कमी. हा करांचा हिशोब. चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांना आपल्याकडे कर कमी, म्हणून सगळ्या कंपन्या मागचा भाग कापून बसवतात. डिकी ३२८ लिटरची होते ती त्यामुळेच. गंमत अशी की ब्रेझाच्या पेट्रोल गाडीला या सवलतीचा उपयोगच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटीत बसायला चार मीटरच्या आतली लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन, दोन्ही लागतं. ब्रेझाचं इंजिन १४६२ सीसी, म्हणून तिला ४० टक्के. टाटा नेक्सॉन, ह्युंदाई व्हेन्यू, महिंद्रा एक्सयूव्ही थ्रीएक्सओ या तिच्या स्पर्धक गाड्यांची पेट्रोल इंजिनं १२०० च्या आत असल्याने त्या १८ टक्क्यांत आल्या. म्हणजे नवीच घ्यायची असेल तर दोन वर्षांपूर्वी मित्राने केलेली किमतींची तुलना आज कामाची नाही. ताजी ऑन-रोड कोटेशन्स शेजारी शेजारी ठेवून बघा.

आता इंजिन. तुमच्यासाठी हा भाग मोठा आहे, कारण तुमच्या वाटेत कुंभार्ली घाट आहे.

मार्च २०१६ मध्ये व्हिटारा ब्रेझा आली तेव्हा फक्त डिझेल होती: १२४८ सीसी, ९० पीएस ताकद, १७५० आरपीएमला (म्हणजे इंजिनाचे मिनिटाला तेवढे फेरे असताना) २०० न्यूटन मीटर जोर. प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर मारुतीने डिझेल बंद केलं आणि २०२०च्या सुरुवातीला दीड लिटरचं पेट्रोल आणलं. जून २०२२च्या शेवटी पूर्ण नवी गाडी आली, नावातला 'व्हिटारा' गेला, आणि १०३ पीएस, जवळपास १३७ न्यूटन मीटरचं नवं पेट्रोल इंजिन बसलं. हा पेट्रोलचा जोर ४४०० आरपीएमला मिळतो. पाच माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं घेऊन पोफळीहून वर चढताना पेट्रोल गाडीचा गिअर उतरवून इंजिन ओरडवावं लागतं. डिझेल तिसऱ्यात शांतपणे खेचते. पण डिझेललाही खोड आहे: कमी आरपीएमला टर्बो झोपलेला असतो. घाटातल्या तीव्र वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये वेग पडला की गाडी क्षणभर मेल्यासारखी होते आणि मागचा एसटीवाला हॉर्न देतो. सवय होते. माझ्या बायकोला मात्र अजून ते आवडत नाही, आणि मला तिचं पटतं. घरात दुसरं कोणी चालवणार असेल तर त्यांनाही घाटात चालवून बघू द्या.

खर्चाचं म्हणाल तर माझी डिझेल मिश्र रस्त्यांवर १९ देते. नवी पेट्रोल शहर-हायवे मिळून १५ धरा, कागदावरचे २० विसरा. पुण्यात पेट्रोल शंभरीपलीकडे, डिझेल नव्वदीत. हजार किलोमीटरला पेट्रोलचे सात हजारांच्या आत-बाहेर, डिझेलचे पावणेपाच हजार. महिन्याला दोन-सव्वादोन हजार वाचतात, वर्षाला पंचवीस हजार. चांगले आहेत, पण नुसत्या तेवढ्यासाठी आठ वर्षं जुनी गाडी घेऊ नका. खरी बचत खरेदीच्या किमतीत आहे.

सीएनजीचा विचार करत असाल तर सोडून द्या. टाकी डिकीत बसते, डिकी संपते. आंब्याच्या पेट्या मांडीवर घेऊन येणार का?

एक जमेची बाजू: तुम्ही बघताय ती आधीच्या, बीएस-४ नियमांची आहे. नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि सिग्नल ते सिग्नल चालवलेल्या गाडीत तो तुंबतो. या गाडीत ते दुखणं नाही. इंजिनाच्या टायमिंगलाही बेल्ट नाही, चेन आहे, ती बेल्टसारखी ठरावीक काळाने बदलावी लागत नाही.

सुरक्षिततेबद्दल स्पष्ट बोलतो. गाड्या आपटून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१८ मध्ये व्हिटारा ब्रेझा आपटली तेव्हा मोठ्यांसाठी चार तारे मिळाले, मुलांसाठी दोनच. त्याच वर्षी डिसेंबरात नेक्सॉन पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. तुमच्या घरात चार वर्षांचा मुलगा आहे. जुनी घेतलीत तर त्याची चाइल्ड सीट खर्चात आधी धरा, कुणाच्या मांडीवर मूल बसवून घाट उतरू नका. मी अशा गाड्यांचे सर्व्हे केले आहेत, त्यातलं इथे काही लिहीत नाही. गाडी २०१८ची असली तरी महिना विचारा. मे २०१८ पासून सगळ्या प्रकारांत दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आले. त्याआधीच्या खालच्या प्रकारांत शेजारच्या सीटची एअरबॅग पर्यायी होती. नव्या गाडीत सहा एअरबॅग येतात. मागच्या सीटला एसीच्या झडपाही आहेत, त्या जुनीत नाहीत. एप्रिलमध्ये दुपारी चिपळूण गाठताना आई मागे बसलेल्या असतील, हे लक्षात घ्या.

आता त्या ठरावीक गाडीकडे वळू. सेकंडहँडमध्ये मॉडेल फारसं बघू नका, ती एक गाडी बघा. एकाच महिन्यात बनलेल्या दोन ब्रेझांपैकी एक डोळे मिटून घ्यावी अशी असते आणि दुसरी फुकट दिली तरी नको.

तुमच्या भागात पहिली भीती पाण्याची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर महिनाभर मी तिथे फक्त बुडालेल्या गाड्या बघत होतो. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर. टोटल लॉस झालेल्या, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही असं विमा कंपनीने ठरवलेल्या गाड्या लिलावात जातात, आणि त्यातल्या काही धुऊन, अत्तर मारून पुन्हा रस्त्यावर येतात. माझ्या मावसभावाने मला न विचारता अशीच एक घेतली. दिसायला चकचकीत. पहिल्या पावसात काचा वर-खाली होईनात, मग एअरबॅगचा दिवा लागला, दिवाळीपर्यंत इंजिनाचा कंट्रोल युनिट गेला. दुरुस्तीवर एक लाख गेले आणि गाडी शेवटी भंगाराच्या भावात विकली. मी सीटखाली हात घातला तर बोटाला वाशिष्ठीचा गाळ लागला. मावसभाऊ रडला होता, ते त्याच्या कित्येक वर्षांच्या बचतीचे पैसे होते.

म्हणून सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. टोकाकडे पाण्याची रेघ किंवा माती दिसते का बघा, बेल्ट कुणी धूत नाही. स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात हात फिरवा. पुढच्या सीटच्या रुळांवर आणि सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरांवर गंज किंवा हिरवट थर आला असेल तर तिथूनच परत फिरा, ती एअरबॅगची वायरिंग आहे. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. अजिबात न लागणारा दिवा सतत लागणाऱ्यापेक्षा वाईट, कारण तो बहुधा कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असतो.

ठोकलेली गाडी ओळखायला बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे अ‍ॅप्रन, म्हणजे इंजिनाशेजारचे चाकांवरचे आतले पत्रे बघा. कंपनीचे स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके, गोल आणि एकसारख्या अंतरावर असतात, गॅरेजचं वेल्डिंग ओबडधोबड. बंपर बदललेला, दार रंगवलेलं, याला मी नाही म्हणत नाही, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये आठ वर्षं बिनओरखड्याची राहिलेली गाडी मलाच संशयास्पद वाटेल. अ‍ॅप्रन, पिलर किंवा चासीला हात लागलेला असेल तर मात्र किंमत कितीही पाडली तरी नको.

आणि एक गोष्ट जी फार कमी लोक बघतात: चालू विमा पॉलिसी मागा आणि त्यावर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) किती टक्के लिहिलाय ते वाचा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्के असतो. मालक म्हणतो 'गाडीला कधी काही झालं नाही' आणि पॉलिसीवर शून्य किंवा २० टक्के दिसतंय, तर क्लेम कधी आणि कशाचा, ते विचारा. उत्तर देताना माणूस कसा बोलतो त्यावरून बरंच कळतं. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, तो तुम्हाला मिळणार नाही. पॉलिसी मात्र चौदा दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या.

७८ हजार किलोमीटर खरे का, हे कंपनीच्या सर्व्हिस रेकॉर्डवरून कळतं. मालकाला सोबत घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचा, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३५ हजार दाखवणाऱ्या गाडीचे टायर दुसऱ्यांदा बदललेले दिसले तर मीटरवर विश्वास नको.

बघायला सकाळी लवकर जा आणि आधी सांगून जाऊ नका. बॉनेटवर हात ठेवा, गरम असेल तर इंजिन आधीच तापवून ठेवलंय. थंड इंजिन चालू करताना किती वेळ लागतो, धूर कसा येतो, हे बघण्यासारखं असतं. मग तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगात एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढला आणि वेग तितका वाढला नाही, तर क्लच संपलाय, ते पैसे किमतीतून कापून घ्या.

कागदांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का, ई-चलनं किती थकलीत आणि गाडी कोणत्या राज्यातली आहे, एवढं नीट बघा. दिल्लीची डिझेल असेल तर स्वस्त का आहे ते उघड आहे: तिथे दहा वर्षांपलीकडच्या डिझेल गाड्यांचं भवितव्य अधांतरी राहिलंय, आणि इथे आणल्यावर एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, नव्या नोंदणीचे हेलपाटे, सगळं तुमच्या माथी. एमएच पासिंगची, पहिल्या मालकाचीच घ्या. नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०३३ पर्यंत चिंता नाही.

नवी घ्यायची ठरली तर शोरूममध्ये दोन गोष्टींवर ठाम राहा. विमा त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे असं नाही, बाहेरचं कोटेशन दाखवा, तिथेच काही हजार उतरतील. आणि गाडी कोणत्या महिन्यात बनली ते नोंदणीच्या आधी लिहून मागा, पैसे भरल्यावर नाही.

तुमच्या जागी मी असतो तर? ती डिझेल वरच्या सगळ्या तपासण्यांतून निघाली, तर मी तीच घेतली असती, सहा लाख चाळीसपर्यंत आणून. साठ-सत्तर हजार टायर, क्लच, सस्पेन्शनच्या बुशिंगसाठी बाजूला ठेवले असते आणि चांगली चाइल्ड सीट घेतली असती. एकही गोष्ट खटकली तर तिचा नाद सोडून नवीकडे गेलो असतो, पण ब्रेझाबरोबर नेक्सॉनमध्येही आईंना बसवून बघितलं असतं. २०२० ते २०२२ मधली पेट्रोल ब्रेझा मी तुम्हाला सुचवत नाही. इंजिन भरवशाचं आहे, पण किंमत नवीच्या जवळ आणि सोयी जुनीच्या, तुमच्या कामाला अर्धवट.

रविवारी टोकन देऊ नका. एजंटाला सांगा, गाडी काही तास हवी. खंबाटकी घाटापर्यंत जाऊन या, परत येताना आईंना मागच्या सीटवर बसवा आणि एसी लावून दार बंद करा. त्या काय म्हणतात ते इथे कळवा, सर्व्हिस रेकॉर्डमधलं काही समजलं नाही तर तेही लिहा, मी वाचून सांगतो.