पावडर गाळून टाकली तरी रिॲक्शन चालूच?

प्रश्न: मी एमएस्सीला आहे. प्रोजेक्टसाठी सिलिकावर व्हॅनेडियम ऑक्साइड चढवलंय आणि ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून सायक्लोहेक्झीनचं ऑक्सिडेशन करतेय. पहिल्यांदा रिझल्ट मस्त आला, पण तीच पावडर धुवून परत वापरली की दरवेळी कन्व्हर्जन (किती टक्के सायक्लोहेक्झीन बदललं ते) उतरतं. परत भट्टीत भाजू का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: भाजल्याने पावडरीवर चिकटलेला ऑरगॅनिक थर जळून जाईल, पण धातूच निघून गेला असेल तर तो भट्टीतून थोडाच परत येणार आहे! मला तरी लीचिंगचाच, म्हणजे धातू पावडरीतून सुटून द्रवात उतरण्याचा, संशय येतोय, कारण व्हॅनेडियम पेरॉक्साइडमध्ये सहज विरघळतं आणि मग तू ज्याला घन कॅटॅलिस्ट (रिॲक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) म्हणतेस तो खरं तर पाण्यात उतरलेला असतो. खात्री करायची तर रिॲक्शन अर्ध्यावर आली की फ्लास्क गरम असतानाच गाळ, थंड होऊ देऊ नकोस, कारण थंड होताना विरघळलेला धातू परत पावडरीवर बसू शकतो आणि तू फसशील. नुसतं फिल्ट्रेट (गाळून आलेला द्रव) त्याच तापमानाला ढवळत ठेव आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने सॅम्पल जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणात काय किती आहे ते मोजणारं यंत्र) लाव. पावडर नसतानाही कन्व्हर्जन वाढतच राहिलं तर चोर सापडला, काम विरघळलेलं व्हॅनेडियमच करतंय. थांबलं तर पेरॉक्साइड संपल्यामुळे थांबलं नाही ना, ते आधी टायट्रेशनने बघून घे. फिल्ट्रेट पिवळं-नारिंगी दिसलं तरी समजून जा, व्हॅनेडियम द्रवात उतरलंय.

टिकणारा कॅटॅलिस्ट हवा असेल तर टीएस-१ (टायटॅनियम असलेली सिलिकाची पावडर) बद्दल नक्की वाच. इटलीत शोधलेला, १९८३ च्या पेटंटमधला. यात टायटॅनियमचा एकेक अणू सिलिकाच्या जाळीतच गुंफलेला असतो, वरून चढवलेला नसतो, म्हणून तो सहसा सुटत नाही. पेरॉक्साइड घातलं की ही पांढरी पावडर पिवळी पडते, ते टायटॅनियमला पेरॉक्साइड जोडलं जाऊन बनलेलं टायटॅनियम-पेरॉक्सो, ते बघायला खरंच छान वाटतं. याच्याच जोरावर २००८ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पला वर्षाला ३ लाख टन प्रॉपिलीन ऑक्साइडचा प्लांट सुरू झाला आणि ऑक्सिडंटमधून (म्हणजे पेरॉक्साइडमधून) उरतं ते फक्त पाणी. आपल्या पुण्याच्या एनसीएलमध्येही (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) टायटॅनियम सिलिकेटवर भरपूर काम झालंय, ते पेपर आधी काढ.

फक्त याची छिद्रं जेमतेम ०.५५ नॅनोमीटरची, सायक्लोहेक्झीन त्यात नीट शिरत नाही, तेव्हा सरळ साखळीचं १-हेक्झीन घेऊन सुरू कर. आणि एक, पेरॉक्साइड उरलेलं असताना फ्लास्क ॲसिटोनने अजिबात विसळू नकोस, त्यातून स्फोटक पेरॉक्साइड तयार होऊ शकतं. आधी स्टार्च-आयोडाइड पेपर लावून पेरॉक्साइड उरलंय का ते बघ.