बारा ब्लाऊज आणि आठवड्याचे तीन तास

प्रश्न: मावशी, माझं वय ३८, राहणार ठाणे, बँकेत नोकरी. गेल्या दिवाळीत बोनसमधून शिलाई मशीन घेतलं आणि घरात जाहीर करून टाकलं की वर्षभर तयार कपडे घ्यायचे नाहीत. बारा ब्लाऊज, सहा कुर्ते आणि लेकीचे चार फ्रॉक मीच शिवणार! आता गणपती होऊन गेले आणि पूर्ण झालेत ते दोन उशांचे अभ्रे. एक कटोरी ब्लाऊज (छातीला वाटीसारखे वेगळे तुकडे जोडतात तो) बेतून तसाच पडलाय, दुसऱ्याची बाही बसता बसत नाही. खालून दोऱ्याचा गुंता होतो तो वेगळाच. कपाटात अकरा कापडं साठलीत. शिवायला रविवारी दुपारी दोन तास आणि मधल्या वारी एखादा तास मिळतो. सासूबाई म्हणतात, "मशीनवर निदान कपडे तरी वाळत घाल." माझ्या आईने आम्हा बहिणींचे सगळे फ्रॉक घरी शिवले होते. मार्गशीर्षात नणंदेचं लग्न आहे आणि मी नि लेक घरी शिवलेलंच घालणार असं सगळ्यांना सांगून बसले आहे. मशीन विकून टाकू का?
– तुमची त्रासलेली भाची

प्रिय भाची,

मशीन विकू नकोस. गुढीपाडव्यापर्यंत तर नाहीच. तुझ्या पत्रात आळस मला कुठेच दिसला नाही. तू सगळा दोष स्वतःच्या हाताला देते आहेस, पण बँकेतली असून एक हिशेब मांडायचा राहिलाय, तो आधी मांडू.

नवशिक्या हाताला अस्तराचा एक ब्लाऊज, कागदावरच्या ड्राफ्टिंगपासून हुकांपर्यंत, मधलं उसवणं धरून, सहज दहा तास लागतात. कुर्त्याला आणि फ्रॉकला सहा-सहा धरू. बारा ब्लाऊजचे १२०, कुर्त्यांचे ३६, फ्रॉकचे २४. झाले १८० तास. तुला आठवड्याला मिळतात तीन. सणवार, लेकीच्या परीक्षा, पाहुणे, आजारपणं आणि तुमचा तो मार्चअखेर वजा जाता वर्षाचे चाळीस आठवडे हाती राहिले तर खूप. म्हणजे १२० तास, आणि तेही पहिल्या दिवसापासून सगळं जमतंय असं धरून. ज्यांना यातच काम करायचंय त्या मुली आयटीआयमध्ये वर्षभर, रोज, पूर्ण वेळ शिवण शिकतात. तुझा संकल्प पहिल्याच दिवशी वेळेत बसत नव्हता. तो मोडला यात तुझी लाज निघण्यासारखं काही नाही.

आईशी तुलना करतेस तेव्हा तिच्या दुपारीही मोजत जा. रोज जेवणं आटोपल्यावर ती तास-दीड तास जरी मशीनवर बसत असली, तरी वर्षाचे चारशेच्या वर तास होतात. बहुतेक एकाच बेताचा फ्रॉक ती दरवर्षी दोन बोटं मोठा करून शिवत असणार. विचार तिला एकदा. तिचे पहिले फसलेले कपडे तू पाहिलेलेच नाहीत, कारण ते तुझ्या जन्माआधीचे असतील.

आता ब्लाऊजविषयी. सुरुवातीला ब्लाऊज घेणं, त्यातून कटोरी, हा फार अवघड रस्ता आहे. कुर्ता सैल असतो, अर्ध्या इंचाची चूक पोटात घालतो. ब्लाऊज अंगासरशी बसतो, तिथे पाव इंचही काखेत ओढतो. बाही बसत नाही याचंही कारण आहे. बाहीचा वरचा गोल मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडायच्या जागेच्या, गोलापेक्षा किंचित मोठाच कापलेला असतो, आणि तो वाढीव भाग चुणी न पडू देता मुंढ्यात मुरवावा लागतो. सरळ टीप नीट येण्याआधी हे कुणालाच जमत नाही. उसवलेली बाही पिशवीत घालून ठेव. तिचं पुढे बघू.

दोऱ्याचा गुंता मात्र आजच सुटेल. गुंता खाली दिसतो म्हणून आपण बॉबिनशी, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या फिरकीशी, झटापट करत बसतो, पण बहुतेक वेळा कारण वरच्या दोऱ्यात असतं. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, वर उचलून दोरा पुन्हा पहिल्यापासून ओव. फूट खाली असेल तर ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मध्ये बसत नाही आणि खाली भसाभसा सुटतो. सुईही बदल. दिवाळीपासून तीच असेल तर ती बोथट झाली आहे. साध्या सुती कापडाला १४ नंबर, तलम कापडाला ११. आणि मशीन पलंगाखालून काढून मांडायला लागत असेल, तर तुझ्या तीन तासांतला बराचसा वेळ त्यातच जातो. खिडकीपाशी त्याला कायमची जागा दे. घरातल्यांना थोडी अडचण झाली तर होऊ दे.

लग्नाचं आता स्पष्ट सांगते. तुझा साडीवरचा ब्लाऊज शिंप्याकडे दे, आणि याच आठवड्यात दे. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांची कामं दिवाळीआधीच इतकी साठतात की मग कुणी हातात कापड घेत नाही. सगळ्यांना सांगितलंय त्याचं काय, असं म्हणशील. लेकीचं परकर-पोलकं कर. पोलकंही शिंप्याकडेच, परकर तू शिवायचा. माझ्या मते नवख्या हाताने लग्नात मिरवावं असं याहून चांगलं काही नाही.

खण घे. त्याचे काठ कापडाच्या लांबीने जातात, त्यामुळे कापड आडवं फिरवलं की काठ आपोआप खाली येतो आणि पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, परकराची उंची होतो. पारंपरिक खणाचा पन्ना लहान असतो, तोच इथे उपयोगी पडतो. दुकानात पन्ना विचारून, लेकीची कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची सांगूनच घे. घेर कमरेच्या अडीचपट पुरतो. कमर २२ इंच असेल तर ५५ इंच, म्हणजे जवळपास दीड मीटर, आणि जास्त घेर हवा असेल तर दोन मीटर. खालची कड विणलेलीच असल्यामुळे ती दुमडावी लागत नाही. उरली एक उभी शिवण आणि वर नाडीचा नेफा. उभ्या शिवणीला अर्ध्या इंचाहून जास्त माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, ठेव आणि कडांना झिगझॅग किंवा इंटरलॉक करून घे, खणाचे धागे फार लवकर सुटतात. इस्त्री मंद, जरीवर सुती फडकं ठेवून. उंची जास्त उरली तर कापू नकोस, आतून एक आडवी दुमड घाल. लेक उंच झाली की ती सोडता येते आणि तोच परकर आणखी दोन वर्षं चालतो.

एवढ्या कामाला तुझे तीन-चार रविवार पुरावेत. म्हणजे ऐन दिवाळीच्या गडबडीआधी होईल.

सासूबाईंचं बोलणं लागलं असेल, लागणारच. पण लग्नातल्या साड्यांना फॉल लावायचेत ना? वरची कड हातशिलाईने घालायला त्यांना बसव. ज्यांनी आयुष्यभर घरची शिवण-टिपण केली, त्यांना नवं मशीन पडून राहिलेलं बघवत नाही, असंही असू शकतं. बरोबर बसून काम केलंत तर बोलण्याचा सूर बदलेल असं मला वाटतं. मात्र शेजारणींनी फॉल-पिकोसाठी साड्या आणून दिल्या तर प्रेमाने परत कर. तुझे तीन तास तुझेच राहू देत.

कपाटातल्या अकरा कापडांपैकी जॉर्जेट, शिफॉनसारखी सुळसुळीत कापडं शिंप्यासाठी वेगळी काढ. नवशिक्याच्या हाताखाली ती सरकतात आणि मन खट्टू करतात. सुती राहू देत. त्यातली दोन शिवून होईपर्यंत नवं कापड घेऊ नकोस, सेल लागला तरी. सुती कापड बेतण्याआधी रात्रभर भिजवून वाळवायला विसरू नकोस, नाहीतर शिवलेला कुर्ता पहिल्याच धुण्यात आटेल.

लग्नानंतर पाडव्यापर्यंत दोनच कामं धर. एक बिनअस्तराचा सैल सुती कुर्ता. दुसरं, ब्लाऊजचा कच्चा नमुना, तोही मांजरपाटात, म्हणजे साध्या जाड्याभरड्या सुती कापडात. अंगाला छान बसणारा एखादा जुना, साधा चार टक्सचा (आकारासाठी आतून घातलेल्या चिमटींचा) ब्लाऊज घे. त्याचा अर्धाच भाग उसव, दुसरा अर्धा तसाच ठेव, म्हणजे काय कशाला जोडलं होतं ते समोर दिसत राहील. उसवलेले भाग इस्त्री करून कागदावर ठेव, रेघ मार, माया वेगळी दाखव. मग मांजरपाट काप आणि पिशवीतल्या त्या बाहीचा सराव इथे कर. अस्तर नको, हुक नकोत. अंगावर घालून पुढून पिनांनी बंद कर, आरशासमोर हात वर-खाली कर, जिथे ओढतंय किंवा झोल येतोय तिथे खडूने खूण कर. आणि ती खूण कपडा काढल्या काढल्या कागदावर उतरव, खडू पुसायला वेळ लागत नाही.

तुझी मावशी