११ महिन्यांचा भाडेकरार नोंदवावा लागत नाही, असं घरमालक म्हणतात. हे खरं आहे का? (पुणे)

नाही, महाराष्ट्रात हे खरं नाही. हा समज १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आलाय; त्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची आहे. पण आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, नेहमीचा ११ महिन्यांचा करार) कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नुसतं नोटरी करून भागत नाही.

आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, तुमची नाही! ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसताना वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवायचं ओझं मालकावर. हे कलम त्यांना शांतपणे वाचून दाखवा, बहुतेक जण तिथेच तयार होतात. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्याचा ठसा लागतो. मुद्रांक शुल्क कोणी भरायचं ते आधीच ठरवून घ्या.

डिपॉझिट मात्र रोख देऊ नका. बँकेतूनच द्या आणि रक्कम करारात लिहून घ्या.