ओळ ठेक्यात का बसत नाही?

प्रश्न : मी गाणी लिहितो. वाचायला बरी वाटतात, पण केरवा तालावर म्हणताना शब्द कोंबावे लागतात. अंतऱ्यात (मुखड्यानंतरच्या कडव्यात) आवाजही चिरकतो. काय करू? – एक वाचक, परभणी

उत्तर : तुम्ही नमुन्याला पाठवलेली ओळ अशी : ‘गोदावरीच्या काठी भिजली माती’. ऱ्हस्वाची १, दीर्घाची २ अशी मोजली तर २१ मात्रा होतात. केरवा ८ मात्रांचा, म्हणजे दोन आवर्तनांत (तालाच्या दोन फेऱ्यांत) १६. पाच जास्तीच्या, त्याच कोंबल्या जातात. ‘गोदाकाठी भिजली माती’ म्हणा : ८ आणि ८, समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, ‘गो’ आणि ‘भि’. मात्र ‘भि’ ओढू नका, ‘भीजली’ ऐकू येतं आणि शब्दच बिघडतो. लांबवायचं ते दीर्घावर. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओवीत अक्षरं कमी-जास्त चालतात, कारण गाणारी बाई ती घरंगळत्या सुरात सावरून घेते. तबल्याचा ठेका तशी सवलत देत नाही.

मात्रा मोजताना एक चूक हमखास होते : ‘सत्य’मधला ‘स’ जोडाक्षराआधी आहे, म्हणून त्याच्या २ धरा.

चिरकण्याचं कारण बहुधा पट्टी, म्हणजे गाण्यासाठी धरलेला मूळ सूर. मुखड्यावरून पट्टी ठरवू नका. अंतऱ्यातला सर्वांत वरचा सूर आधी म्हणून पाहा. पेटीच्या काळी दोनला ताण येत असेल तर काळी एकला या. त्या सुरावर ‘ती’सारखा ईकार आला की अनेकांचा गळा आवळतो, तिथे ‘वाडा’, ‘गोठा’ असा आकारान्त शब्द ठेवा. ‘भिजला वाडा’च्याही मात्रा ८च.