गच्ची सगळ्यांची, मग गळती एकट्या वरच्या मजल्याची कशी?

प्रश्न : आम्ही ठाण्यात सातव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतो. ताबा मिळून चार वर्षं सात महिने झाले. दोन पावसाळे हॉल आणि बेडरूमचं छत गळतंय, पोपडे पडतायत. उन्हाळ्यात तेच छत भट्टीसारखं तापतं. बिल्डर म्हणतो, सोसायटीने सोलर हीटर बसवताना गच्चीला भोकं पाडली. सेक्रेटरी म्हणतात, हा एसीचा दमटपणा. तरीही डांबरी शीट टाकायची असेल तर निम्मा खर्च शेवटच्या मजल्याने द्यावा. वैतागून चार महिने मेंटेनन्स भरलेला नाही. काय करावं?

उत्तर : ताई, आधी कॅलेंडर बघा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर रेरा कायदा, 2016 (बिल्डर आणि घरखरेदीदार यांच्या व्यवहारांचा कायदा) याच्या कलम 14(3) नुसार तो त्याने 30 दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर भरपाई मागता येते. तुमच्या हातात पाच महिने आहेत. फोनवरच्या बोलण्यावर विसंबू नका. याच आठवड्यात स्पीड पोस्टाने लेखी पत्र पाठवा, पोचल्याचा पुरावा जपा, ईमेलही करा. सोसायटीनेही पत्र दिलं तर उत्तमच, पण तिच्यासाठी थांबू नका. खरेदीच्या करारावर तुमची सही आहे, हक्क तुमचा स्वतःचा आहे. मुदतीत पत्र पोचलं की महारेराकडची (या कायद्याखालच्या राज्यातल्या प्राधिकरणाकडची) तक्रार त्यानंतरही करता येते.

खरा वाद होईल तो पाणी आलं कुठून यावर, म्हणून छताचं वागणं समजून घ्या. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असेल तर तो पाणी पिऊन बसतो. पाणी एका जागी शिरतं, कोब्यातून सरकत जातं आणि भलत्याच जागी टपकतं. पहिल्या पावसानंतर काही दिवसांनी गळती सुरू होते, पाऊस थांबला तरी चालू राहते. मग समोरचा वकील म्हणतो, 'पाऊस नसताना गळतंय, म्हणजे पाइप फुटलाय.' यावर उत्तर तयार हवं. पाऊस कधी पडला, टपकणं कधी सुरू झालं, कधी थांबलं, हे रोज वहीत लिहा आणि फोटो काढा. एसीचा मुद्दा मला पटत नाही. एसी खोलीतली हवा कोरडी करतो. दव धरतं ते त्याच्या थंड पाइपवर, उन्हाने तापलेल्या स्लॅबच्या पोटाला नाही. पिवळट कडांचे गोल डाग आणि त्यावर क्षारांचा पांढरा लोणा असेल तर पाणी वरून झिरपलं असण्याचीच शक्यता जास्त.

सोलरचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नका, बिल्डरचा तो सर्वांत भक्कम बचाव आहे. सोलर कधी बसलं आणि पहिला डाग कधी दिसला, या दोन तारखा शोधा. पहिली सोसायटीच्या बिलात सापडेल, दुसरी तुमच्या जुन्या फोटोंत. डाग आधीचा निघाला तर त्या बचावातला जीवच जातो. नंतरचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून गच्चीचे वाफे पाडून एकेका वाफ्यात पाणी साठवून चाचणी करून घ्या, म्हणजे सोलरच्या स्टँडखालून गळतंय की कठड्याच्या सांध्यातून, हे कळेल. बिल्डर आणि कमिटी दोघांनाही लेखी बोलवा. आले नाहीत तर तशी नोंद करून पंचनामा करा.

तोवर डांबरी शीट टाकू देऊ नका. ओल्या कोब्यावर ती टाकली की आतलं पाणी कोंडतं, उन्हात त्याची वाफ होऊन शीटला फुगे येतात. शिवाय बिल्डरविरुद्धचा पुरावा तिच्याखाली गाडला जातो. तात्पुरती ताडपत्री चालेल.

निम्म्या खर्चाची मागणी चुकीची आहे. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे (आवृत्तीनुसार क्रमांक 159 किंवा 160), गच्चीची, पावसाच्या गळतीची आणि त्या गळतीने खराब झालेल्या वरच्या मजल्यावरच्या छताची व प्लास्टरची दुरुस्ती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायची असते. सदस्यांकडून दुरुस्ती निधी घेतात तो यासाठीच. बिल्डर टाळाटाळ करतो, ही सबब सोसायटीला तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. दुरुस्ती करून तिने तो खर्च बिल्डरकडून मागावा. कमिटीने लेखी नकार दिला तर सहकार न्यायालयात महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, 1960 च्या कलम 91 खाली दाद मागता येते. ग्राहक आयोगाचाही मार्ग आहे, पण तिथे दोन वर्षांची मुदत पाळावी लागते.

एक गोष्ट तुमच्या हातून चुकली आहे. मेंटेनन्स थांबवल्याने गळती थांबत नाही. थकबाकीवर उपविधींप्रमाणे 21 टक्क्यांपर्यंत साधं व्याज लागतं आणि थकबाकीदार ठरलात तर कमिटीवर निवडून जाता येत नाही. सगळी रक्कम आजच भरा आणि 'गळतीबाबतचे हक्क राखून' असं पत्र जोडा.

राहिलं तापणारं छत. काँक्रीटचा स्लॅब तापतो, एवढ्यावरून बिल्डरला जबाबदार धरता येत नाही. करारासोबतची सुविधांची यादी मात्र काढून वाचा. गच्चीवर चायना मोझॅक (फरशीच्या चकचकीत तुकड्यांचा थर) किंवा उष्णतारोधक थर देण्याचं कबूल केलं असेल आणि वर नुसता सिमेंटचा गिलावा असेल, तर तो कराराचा भंग आहे. तोही मुद्दा त्याच पत्रात लिहा.